पाटी जागा धरत न्हाई

बियाण्याच्या गोदामात तुम्ही काही करू नका, नुसतं बसा. संध्याकाळी घरी गेल्यावर शर्टाच्या खिशात दोन-चार सरक्या सापडतात. कोणी टाकत नाही, कुठून येतात ते कळत नाही. आमच्या ऑफिसचे किस्से असेच आहेत. मी ते गोळा केले नाहीत, खिशात सापडले. माझी बायको म्हणते, "सापडले तेवढेच सांगा, पेरून उगवलेले नका सांगू." तिला आणि निम्म्या जालन्याला माझी सवय माहीत आहे. जाधव बोलला की निम्मं खरं धरायचं. माझी हरकत नाही. निम्मं म्हणजे काही कमी नसतं.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागं आमच्या बियाणं कंपनीचं ऑफिस होतं. पुढं दोन खोल्या, मागं गोदाम. मी फिल्डवर, म्हणजे शेतकऱ्यांकडं लावलेले बियाण्याचे प्लॉट बघत फिरायचो. मंदाताई टायपिंग करायच्या आणि उरलेल्या वेळात आम्हाला रागवायच्या. गोदाम शेखचाचांकडं, हिशेब खरातबापूंकडं. साहेब पुण्याहून यायचे आणि जायचे, आम्ही चौघं तिथंच. आज त्या जागेवर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मागं एकदा उगाच आत गेल्तो. दुकानदार म्हणाला, "काका, कुठलं मॉडेल पाहिजे?"

मी म्हणालो, "जुनंच."

त्याच्याकडं नव्हतं.

* * *

लॅपटॉप आला तो दोन हजार साल उजाडता उजाडता. शेखचाचांनी थर्माकोल काढलं आणि पहिलं काम काय केलं, तर तो गोदामातल्या काट्यावर ठेवला. वजन किती भरलं ते सांगत नाही. तुम्ही निम्मं धराल आणि मग ते हलकं वाटेल.

"लॅप म्हणजे मांडी," मंदाताईंनी सगळ्यांना समजावलं. "मांडीवर घेऊन काम करायचं मशीन आहे हे."

चाचांनी काट्याकडं बघितलं. "ताई, ये गोद में लिया तो आदमी उठेगा कब?"

चार्जिंगला लावला की तो खालून असा तापायचा, की मंदाताई त्याच्याखाली भाकरीचा डबा सरकवून ठेवायच्या. दुपारी भाकरी गरम आणि लॅपटॉप गार. कंपनीला यातलं काही कळवलं नव्हतं.

त्या लॅपटॉपचं काम असं: आठवडाभर सगळ्या प्लॉटची माहिती त्यात भरायची आणि शनिवारी तो उचलून औरंगाबादच्या विभागीय ऑफिसात न्यायचा. तिथला कॉम्प्युटरवाला त्यातून माहिती काढून घ्यायचा. फोनच्या लाइनवरून पाठवायची सोय होती म्हणतात, पण आमची लाइन वारा आला तरी तुटायची. मग शनिवार कोणाचा वाया घालवायचा यावर चर्चा सुरू झाली. माझी आई आजारी पडली, मंदाताईंचे पाहुणे आले, चाचांचा गुडघा दुखायला लागला. आणि तेवढ्यात खरातबापू म्हणाले, "मी जातो."

बापू अंबड तालुक्यातले. गावाकडची शेती भाऊ करायचा. वय पन्नाशीला टेकलेलं. त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाल्ती, मुलगी सासरी. बोलणं इतकं कमी, की फोनवर समोरच्या माणसाला वाटायचं लाइन कटली.

ते दर शनिवारी ती बॅग खांद्याला लावून स्टेशनकडं निघाले की आम्ही दारात उभं राहून म्हणायचो, "बिचारे बापू."

असं आम्ही किती तरी महिने म्हणालो.

* * *

एका सोमवारी औरंगाबादच्या कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. मीच उचलला.

"जाधव साहेब, एक विचारू का? तुमच्या लॅपटॉपला मोसंबीचा वास का येतो?"

मी म्हणालो, "जालन्याचा लॅपटॉप आहे. नागपूरकडचा उघडून बघा, संत्र्याचा येईल."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "बरं, पण बटणाखालून बी निघाली."

"बियाणं कंपनी आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

फोन ठेवला खरा, पण ऑफिसात चौकशी बसली. मंदाताईंनी बापूंना समोर उभं केलं. "बापू, तुम्ही मोसंबी खाता?"

"न्हाई ताई. मला पित्त होतं."

शेखचाचांनी लॅपटॉप उघडला, नाक लावलं, डोळे मिटले. गोदामातला माणूस, पोत्याला नाक लावून आतलं बियाणं कोणतं आणि कधीचं ते सांगायचा.

"मोसंबी है," चाचा म्हणाले. "परसों की है."

परवा म्हणजे शनिवार. बापूंचे कान लाल झाले. बाकीचे बापू होते तसेच होते.

* * *

मग एका शनिवारी माझा दात दुखायला लागला आणि मला औरंगाबादला डॉक्टरकडं जावं लागलं. हा दात खरा दुखत होता.

आमची पॅसेंजर परभणीकडून यायची आणि जालन्याला येईपर्यंत खच्चून भरलेली असायची. मी लोकांच्या काखेतून वाट काढत आत गेलो, तर खिडकीशी खरातबापू. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर, अख्खी सीट अडवून, नव्या जावयासारखी बसलेली लॅपटॉपची बॅग.

एक पटकेवाले बाबा म्हणाले, "उचला की जरा. टेकू द्या."

"मशीन आहे," बापू म्हणाले. "नाजूक आहे."

बाबा मागं सरकले. मशीनला माणसं तेव्हा मान देत होती. मी पुढं झालो. "बापू, मी आहे. जाधव."

बापूंनी माझ्याकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं. "जाधव, मशीन आहे. नाजूक आहे."

मी उभा राहिलो. एका हातात वरची दांडी, एका हातात गाल.

बदनापूर जवळ आलं. गाडीचा वेग कमी झाला तसे बापू हलले. बॅग उचलली, मांडीवर घेतली. खिशातून रुमाल काढला आणि शेजारची सीट पुसली, जिच्यावर जालन्यापासून बॅगेशिवाय काहीच नव्हतं. रुमालाची घडी घातली. आणि प्लॅटफॉर्म ज्या बाजूला नव्हता त्या बाजूला बघत बसले.

दारातून एक बाई आत आल्या. कानाजवळचे केस पांढरे, सुती साडी, हातात कापडी पिशवी. आपल्या घरात यावं तशा त्या गर्दीतून आल्या आणि न विचारता त्या सीटवर बसल्या. निर्मला मॅडम. बदनापूरच्या संशोधन केंद्रात बियाण्याची तपासणी करायच्या आणि शनिवारी औरंगाबादला म्हाताऱ्या आईकडं जायच्या. घरात दोघीच. हे मला नंतर कळलं; तेव्हा फक्त एवढं दिसलं, की त्यांनी पिशवीतून मोसंबी काढली, सोलली आणि फोडी एकेक करून बापूंच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर मांडल्या. एक फोड त्यांची, एक बापूंची. पित्ताचा माणूस फोडी खात होता.

आता हे बोलतात काय म्हणून मी कान देऊन उभा. करमाडपर्यंत काही नाही. करमाड गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "या वर्षी मूग बरा आहे."

बापू म्हणाले, "हं."

पार चिकलठाणा आल्यावर बापू म्हणाले, "आई?"

मॅडम म्हणाल्या, "बऱ्या आहेत."

संपलं. मी जन्मभर बोलत आलोय, हजार माणसांपुढं बोललोय. पण बापूंचं ते "हं" त्या बाईंनी जसं ऐकलं, तसं माझं एक वाक्य अजून कोणी ऐकलेलं नाही.

सोमवारी मी सगळं ऑफिसात सांगितलं. मीठमसाला न लावता. म्हणूनच की काय, कोणी हसलं नाही. आठवड्याभरानं मंदाताईंनी लॅपटॉपच्या बॅगेला घरून गोधडीची जाड खोळ शिवून आणली. बॅग आणखी हातभर रुंद झाली.

"धूळ लागून राह्यली होती," त्या बापूंना म्हणाल्या.

* * *

पुढं साने साहेब आले. पुण्याचे, तरुण, बायको पुण्यातच नोकरीला. त्यांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून टेबलावर एक चपटा डबा उघडला. आत नुसती काच आणि सोबत एक पेन.

"हा टॅब्लेट," साहेब म्हणाले.

चाचांनी अदबीनं विचारलं, "साहब, खाने के पहले लेना के बाद में?"

साहेबांनी समजावलं. कॉम्प्युटरच आहे, पण उघडायचा नाही, बटणं नाहीत, सरळ पेनानं लिहायचं. मंदाताई म्हणाल्या, "म्हणजे पाटी. पाटी म्हणा ना सरळ." त्या दिवसापासून ती पाटी.

पाटीला इंग्रजी अक्षर वाचता यायचं असं साहेबांचं म्हणणं. साहेबांनी पेनानं 'कॉटन' लिहिलं, पाटीनं ते 'किटन' वाचलं, आणि शनिवारच्या माहितीबरोबर ते कोणी न बघता पुण्याला गेलं. पुण्याला कळलं, की अंबड तालुक्यात मांजराची पिल्लं जोमात आहेत आणि त्यांना पाते-फुलं लागली आहेत. वरून चौकशी आली, की फवारणी कितवी.

दसऱ्याला तर मजाच झाली. आपल्याकडं दसऱ्याला पाटीपूजन असतं. मंदाताईंनी हळदीकुंकू वाहिलं, साहेबांचं पेन घेतलं आणि लहानपणी काढतात तशी एकाच्या आकड्यांची सरस्वती त्या पाटीवर काढली. पाटीनं सगळे एक ओळीनं वाचले आणि विचारलं, हा फोन नंबर आहे का, कोणाच्या नावानं ठेवू?

मंदाताईंनी हात जोडले. "देवीच्या," म्हणाल्या.

यातलं निम्मं सोडा. पण हळदीकुंकू खरं आहे, त्या काचेच्या फटीत ते शेवटपर्यंत होतं.

* * *

हसण्यावारी चाललं होतं ते पुण्याहून प्रश्न येईपर्यंत. प्रश्न एका ओळीचा होता. टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकेल काय?

साहेबांनी अर्थ सांगितला. होय म्हणालो तर लॅपटॉप पुण्याला परत जाणार. नवी फोन लाइन येईल, तिला पाटी जोडली की माहिती इथूनच जाणार. शनिवारी कोणी काही उचलून न्यायची गरज नाही.

"बापू, सुटलात," साहेब खुशीत म्हणाले. "तुमची शनिवारची वणवण संपली."

"बरं, साहेब," बापू म्हणाले.

त्यांच्यापुढचा चहा तसाच राहिला. वर साय धरली. चाचांनी कप उचलून नेला, दुसरा आणला. तोही तसाच राहिला. मंदाताईंनी माझ्याकडं बघितलं, मी चाचांकडं. पाटी नापास झाली पाहिजे, हे त्या खोलीत साहेब सोडून सगळ्यांचं ठरलं.

* * *

पाटीची फिल्डवरची परीक्षा अंतरवाली सराटीच्या एका कपाशीच्या प्लॉटवर होती. मी मुद्दाम भर दुपारी जीप काढली. तिथलं ऊन तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायची गरज नाही. साहेबांनी पाटी वर धरली, तर काचेत कपाशी नाही, माहिती नाही. साहेबांचाच चेहरा, घामानं डबडबलेला.

"सावली पाहिजे," साहेब म्हणाले.

"सावली बांधावर न्हाई, साहेब. घोंगडं आहे."

घोंगडं अंगावर घेऊन आम्ही दोघं बांधावर बसलो. आत अंधार झाला, पाटी दिसायला लागली. साहेब आतून आनंदानं म्हणाले, "दिसतंय, जाधव." बाहेर पावलं जमायला लागली.

"काय चालू राह्यलं?"

"पुण्याच्या साहेबाला सर्दी झाली. वाफ देऊन राह्यले."

"ओवा टाकला का पाण्यात?"

आम्ही घोंगडं बाजूला केलं तेव्हा प्लॉटवाल्या मावशी समोर काढ्याचा पेला घेऊन उभ्या. साहेब भला माणूस, निमूट प्यायले. मावशींनी त्यांच्या मांडीवरची पाटी बघितली, साहेबांचा चेहरा बघितला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एवढा मोठा झाला अन् अजून पाटीवरच? वही कधी देणार ह्याला?"

मला वाटलं काम झालं. पण जीपमध्ये साहेब म्हणाले, "उन्हाचं सोडा, ऑफिसात उत्तम चालते. आता या शनिवारी औरंगाबादला नेऊन दाखवू, तिथं चालली की झालं. बापूंना सांगा, लॅपटॉप नको, पाटी घ्या. मीही येतो."

* * *

बापूंनी पाटी हातात घेतली तेव्हा मी तिथं होतो. त्यांनी ती ऑफिसच्या बाकावर आडवी ठेवली. दोन पावलं मागं जाऊन बघितलं. उभी ठेवली. परत बघितलं. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी एकच तक्रार केली, ती तेव्हा.

"चाचा," ते म्हणाले, "पाटी जागा धरत न्हाई."

शेखचाचा उठून गोदामात गेले. शनिवारी सकाळी पाटी एका भल्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. आत भुसा, बाहेर सुतळी, आणि चारी बाजूंनी गोदामाच्या लाल रंगात 'नाजूक'.

"एवढं कशाला?" साहेब म्हणाले.

"काच है साहब."

मी त्या दिवशी दात मुद्दाम दुखवून घेतला आणि सोबत निघालो.

गाडी नेहमीसारखी भरलेली. बापू खिडकीशी, शेजारी खोका. साहेब गर्दीतून कसेबसे पोचले. "बापू, खोका वर टाका, मी बसतो."

"मशीन आहे, साहेब. नाजूक आहे."

"अहो, मला माहीत आहे. मीच आणलंय ते."

"मंग तुम्हाला तर माहीतच आहे," बापू म्हणाले.

साहेब माझ्या शेजारी येऊन तीच दांडी धरून उभे राहिले. रागावले नव्हते, गोंधळले होते. बदनापूर आलं. बापूंनी खोका मांडीवर घेतला, रुमाल काढला, सीट पुसली. आपल्यासाठीच पुसली असं समजून साहेब पुढं झाले. मी त्यांची बाही धरली.

"थांबा, साहेब."

मॅडम आल्या, बसल्या. मोसंबी निघाली. फोडी 'नाजूक'वर मांडल्या गेल्या. मॅडमनी विचारलं, "आज खोका?"

"पाटी आहे," बापू म्हणाले. "लॅपटॉपच्या जागी."

मॅडमचा हात फोड ठेवता ठेवता थांबला. "मग शनिवारचं?"

बापूंनी खोक्याची सुतळी ओढून बघितली. मॅडमनी ती फोड खोक्यावर ठेवली, मग आपली फोडही त्यांच्याच बाजूला सरकवली.

करमाड गेलं. साहेब अगदी हळू म्हणाले, "जाधव, कधीपासून?"

"लॅपटॉप आल्यापासून."

साहेब तोंड दुसऱ्या खिडकीकडं करून औरंगाबादपर्यंत उभे राहिले. त्या आठवड्यात ते पुण्याला जाणार नव्हते, पण औरंगाबादला उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बायकोला फोन करायला फोनबूथ शोधायचं.

सोमवारी त्यांनी मंदाताईंना उत्तर सांगितलं. "लिहा. टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकत नाही. प्रत्यक्ष प्रवास करून खात्री केली आहे."

मंदाताईंनी लिहिलं. "साहेब, कारण टाकू?"

"नको," साहेब म्हणाले. "जागा म्हणजे काय ते पुण्यात कळायचं नाही."

* * *

पण साहेब लोक येतात तसे जातात. सान्यांची बदली पुण्याला झाली, ते आनंदानं गेले. त्यानंतर आमच्या रस्त्यानं फोनची नवीन तार आली आणि या वेळी पुण्यानं प्रश्न विचारलाच नाही. कळवलं. लॅपटॉप आणि पाटी, दोन्ही परत घ्यायला माणूस येत आहे.

ते पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी बापू शेवटचे गेले. सोमवारी आले ते कोट खुंटीला न लावताच जागेवर बसले.

"बापू," मंदाताईंनी विचारलं, "सांगितलं का मॅडमना?"

"सांगायचं होतं. त्याच आधी म्हणाल्या. त्यांची बदली झाली, परभणीला."

"मंग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

"आणि?"

"मोसंबी खाल्ली."

मंदाताईंचं नाव काढलं की लोकांना त्यांचं रागावणं आठवतं. त्या दिवशी त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या टायपिंगच्या मशीनला कागद लावून बसल्या आणि कागदावर काहीच उमटेना. चाचा गोदामाच्या दारातून एवढंच म्हणाले, "तुम भी ना, बापू."

बुधवारी पुण्याचा माणूस आला. बापूंनी बॅग रुमालानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. पट्टा जरा उशिरा सोडला. त्या माणसानं बॅग खांद्याला लावली आणि नाक मुरडलं. "कसला हो वास येतोय हा?"

आम्ही चौघं होतो. एकानंही सांगितलं नाही.

* * *

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बापू नेहमीच्या वेळेला उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. तेवढ्यात मंदाताईंना त्यांच्या ड्रॉवरमध्ये, भाकरीच्या डब्याखाली, फडक्यात नीट गुंडाळलेली लॅपटॉपची वायर सापडली.

"अगं बाई, ही राहिलीच की. कंपनीची वस्तू आहे. बापू, औरंगाबादला पोचवावी लागती."

"पोस्टानं पाठवू ना, ताई."

"नाजूक आहे," मंदाताई म्हणाल्या.

वायर कशी नाजूक असेल, हे बापूंच्या चेहऱ्यावर आलं. पण मंदाताई अशा बघत होत्या, की ते उठलेच. चाचांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "तुम्हारा दाँत दुखता ना? जाओ जल्दी."

स्टेशनवर बापू नेहमीच्या जागी उभे राहिले. हातात कापडी पिशवी, पिशवीत वायर. इतकी वर्षं खांद्याला ओझं होतं त्या बाजूचा खांदा जरा वर आलेला. गाडी आली ती लोक दाराला लटकलेली.

"उभ्यानंच जाऊ," बापू म्हणाले. "आता जागा काय करायची."

नेहमीच्याच डब्यात चढलो. आत श्वास घ्यायला वाव नव्हता. दोन सीटच्या मधे माणसं, माणसांच्या मधे गाठोडी. बापू पुढं, मी त्यांच्या पाठीला चिकटून. आणि मधेच ते थांबले, असे की माझं नाक त्यांच्या कोटात गेलं.

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. बापूंच्या खिडकीशी निर्मला मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. अख्खी. तिच्यावर मधोमध एक मोसंबी ठेवलेली.

भोवती माणसं एका पायावर उभी होती आणि त्या मोसंबीकडं बघत होती. एक पटकेवाले बाबा मला म्हणाले, "परभणीपासून बघून राह्यलो. बाई कोणाला हात लावू देईनात."

बापू नुसते उभे. मी मागून त्यांना कोपर मारलं. त्यांनी घसा साफ केला. वायरची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"इथं," ते म्हणाले, "कोणी आहे का?"

मॅडमनी वर बघितलं.

"मशीन आहे," त्या म्हणाल्या. "नाजूक आहे."

आणि मोसंबी उचलून मांडीवर घेतली.